शीव फिरून येऊ या



मे महिन्यात आपल्या भागातले रान उघडे असते. पऱ्हाट्या उपटलेल्या, नांगरट झालेली, ढेकळे उन्हात तापत पडलेली. एरवी पिकाने झाकलेले बांध या दिवसांत लांबूनही स्पष्ट दिसतात, आणि बांधावरची भांडणेही याच दिवसांत निघतात. एकदा पेरणी सुरू झाली की भांडायला कोणाला वेळ नसतो.

आपल्याच धर्मग्रामातल्या दोन घरांची गोष्ट सांगतो. दोघांनाही विचारूनच लिहितो आहे, गाव मात्र सांगत नाही. दोन्ही घरे मिस्साला नियमित येतात. एक डाव्या बाजूला बसते, दुसरे उजव्या. शांतीचे चिन्ह देताना दोघांच्याही माना खाली. तीन वर्षे मी वेदीवरून क्षमेवर बोललो, पेत्राला प्रभूने सांगितलेले सत्तर गुणिले सात सांगितले, घरी जाऊन प्रार्थना केली. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारले, “फादर, तुम्ही तो बांध पाहिलाय का?”

पाहिला नव्हता. त्या गावाला मी कितीदा गेलो असेन, पण डांबरी रस्त्याने मोटारसायकलवर जायचे, मिस्सा करायची, चहा घ्यायचा आणि परत फिरायचे. ॲरिस्टॉटल आपल्या शिष्यांना फिरता फिरता शिकवीत असे, असे म्हणतात. सेमिनरीत मी त्यावर छान उत्तर लिहून गुण मिळवले होते. गाडीवरून उतरायचे मात्र सुचले नाही.

मग एका पहाटे त्या बाबांबरोबर निघालो. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या माळावरून सुरुवात केली, नाल्याच्या कडेने खाली उतरलो आणि पूर्ण शिवार फिरून जिथून निघालो तिथेच परत आलो. अडीच तास लागले. बांधाजवळ आल्यावर बाबांनी काठीने दाखवले. वरच्या वावरातून पावसाळ्यात येणारा लोंढा पूर्वी एका चराने नाल्याला मिळत असे. तो चर बुजून गेला होता. आता पाणी बांध फोडून खालच्याच्या वावरात शिरते आणि माती धुऊन नेते. खालचा दरवर्षी बांधावर माती ओढून घेतो, आणि वरच्याला वाटते की हा बांध सरकवतो आहे. शेजाऱ्याची मेर सरकवू नये अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. ती मी दोघांनाही ऐकवली होती, आणि दोघांनाही ती दुसऱ्याला उद्देशून वाटली होती. चराकडे कोणी पाहिलेच नव्हते, आणि मी तर त्याहून कमी पाहिले होते.

असे शिवार फिरणे ख्रिस्तसभेला नवे नाही. फ्रान्समधल्या व्हिएन गावी इ. स. 470 च्या सुमारास भूकंपांनी आणि आगींनी लोक हवालदिल झाले होते. तेव्हा तिथले महागुरुस्वामी संत मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपवास करून, प्रार्थना म्हणत मिरवणुकीने फिरण्याची प्रथा सुरू केली. 511 साली ऑर्लेआंच्या धर्मपरिषदेने ती साऱ्या प्रदेशाला लागू केली आणि त्या दिवसांत दास-दासींनाही कामातून मोकळे करावे, म्हणजे सगळी प्रजा एकत्र येईल, असे ठरवले. मला त्या ठरावातली हीच ओळ सर्वांत आवडते. मालक प्रार्थनेला आणि गडी कामाला, अशी मिरवणूक त्यांना नको होती. पुढे ही प्रथा गावोगाव पोहोचली. धर्मगुरू आणि लोक शेताशेतातून फिरत, पिकांसाठी आशीर्वाद मागत आणि चर्चला परत येत. 1969 च्या सुधारणेनंतर हे दिवस कधी आणि कसे पाळायचे हे त्या त्या देशाच्या महागुरुस्वामींच्या मंडळावर सोडलेले आहे. आजही फ्रान्समधल्या खेड्यांभोवती झाडांवर, दगडांवर पिवळ्या रंगाच्या पट्ट्या मारलेल्या वाटा असतात. त्यांतल्या पुष्कळ वाटा गावाला वळसा घालून पुन्हा गावातच येतात. वाट चुकत असेल तिथे पिवळी फुली असते. आपल्या जवळच्या घोगरगावात आयुष्य वेचलेले फादर गुरियन जाकिये त्याच देशातून आले होते.

आणि आपल्याकडे? शिवारफेरी हा शब्द आपल्याला सरकारी कार्यक्रमांमुळे माहीत झाला. पण त्यामागे एका जेजुईट धर्मगुरूंचीही मेहनत आहे. स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर 1948 साली भारतात आले आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात राहिले. 1972 चा दुष्काळ त्यांनी पाहिला. पुढे पाणलोटाचे मोठे काम उभे करताना त्यांचा आग्रह असा की काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे, आणि वावरात काय करायचे ते वावरातच उभे राहून, शेतकरी नवरा-बायको दोघांच्या समक्ष ठरावे. 2021 साली ते प्रभूघरी गेले.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या गावगाड्यात गावाची शीव राखणे हे महारकीच्या कामांत येई. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महारांची साक्ष काढत. तुमच्यापैकी कित्येकांच्या पणजोबांनी ती शीव अनवाणी तुडवली असेल. वेशीच्या आत त्यांना मान नव्हता, शिवेवर मात्र त्यांच्या शब्दावाचून चालत नव्हते. त्या वेठीचा मला गौरव करायचा नाही. ती सुटली हे देवाचे आणि लढणाऱ्यांचे उपकार. पण आपण शिवाराचे परके नाही, एवढे मुलांना माहीत असावे. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यांनाही त्या वाटेवर चालण्याचा हक्क आहे, आणि पिकासाठी प्रार्थना करण्याचाही.

यहोशवाचे लोक यरीहोभोवती सात दिवस फिरले आणि भिंती पडल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या त्या दोन घरांतली भिंत एका फेरीत पडली नाही. वरचा म्हणतो, चर खणायचा तर निम्मा खर्च त्याने द्यावा. खालचा म्हणतो, पाणी त्याचे, खर्चही त्याचा. बोलणे मात्र पाण्यावर आले आहे. एकमेकांच्या बापजाद्यांवर नाही.

म्हणून स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या रविवारी आपण शिवारफेरी काढणार आहोत. पहाटे साडेपाचला चर्चसमोर जमायचे. ऊन चढण्याआधी परत येऊन मिस्सा होईल. प्रत्येकाने पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल घ्यावा. म्हाताऱ्या माणसांसाठी एक बैलगाडी सांगितली आहे. ज्यांच्याकडे कुदळ-फावडे असेल त्यांनी बरोबर आणावे, वाटेत एक चर लागणार आहे. दोन्ही घरांना निरोप दिला आहे. एका घराने येतो म्हटले आहे. दुसऱ्या घरातल्या बाईंनी विचारले, “फादर, कुदळ किती आणायच्या?”

तुमचा,
धर्मगुरू