दुसऱ्याच्या पायांचा नवस

नवस हा शब्द आमच्याकडे फार सैल हाताने वापरतात. म्हैस सुखरूप व्याली की नवस, पोरगं दहावी सुटलं की नवस, विहिरीला पाणी लागलं की नवस. देव कोणताही असो, बोलायची रीत एकच. "माझं एवढं होऊ दे, मी एवढं करीन." मागणारा आणि फेडणारा एकच, असं आपण धरून चालतो. पण खेड्यातले निम्मे नवस तसे नसतात. मागतो एक आणि फेडतो दुसरा. "एवढं लेकरू वाचू दे, माउली, त्याला अनवाणी तुझ्या दारी चालवीन." आता चालायचं कोणी? लेकराने. त्याला कोणी विचारलं? कोणीच नाही. ते तेव्हा पाळण्यात होतं.

असा नवस त्या लेकरावर बंधन होतो का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पाडला आमच्या धर्मग्रामाच्या युवा मंडळाने, हरेगावच्या वाटेवर.

हरेगाव हे नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, श्रीरामपूर तालुक्यात. जुन्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे वसलेलं गाव. तिथे संत तेरेजाचं चर्च आहे आणि दर सप्टेंबरात तिथे मतमाउलीची यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस, त्याच्या आसपास. नगर, नाशिक, संभाजीनगरच्या खेड्यापाड्यांतून माणसं येतात. कोणी एसटीने, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोणी पायी. टाळ-मृदंग असतो, भजनं असतात, झेंडे असतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही पंढरीचीच दिंडी. जवळ गेल्यावर गळ्यातल्या जपमाळा दिसतात.

आमचं गाव गोदावरीच्या पलीकडचं, वैजापूरच्या बाजूचं. आमची पोरं तीन दिवसांत पायी जातात, दोन रात्री वाटेत पाल ठोकून. बरोबर एक टेम्पो. त्यात ताडपत्र्या, पातेली, पिठाच्या गोण्या, पाण्याच्या टाक्या. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. पोरांबरोबर कोणी म्हातारं माणूस असावं म्हणून मला नेतात.

त्या वर्षी मंडळात एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तान्हा असताना त्याला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून त्याच्या आजीने नवस बोलला होता, की पोरगं जगलं तर मिसरूड फुटल्यावर ते गावापासून हरेगावपर्यंत अनवाणी चालेल. ते जगलं. आता मिसरूडही फुटली होती. आणि नेमकी यात्रेनंतर पंधरा दिवसांनी पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. १६०० मीटर धावायचं. घरची जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. दोन वर्षं तो पहाटे उठून कॅनॉलच्या कडेने पळत होता. तळपाय सोलून निघाले, एखादी काच घुसली, तर दोन वर्षांची मेहनत मातीत.

पहिल्या दिवशी तो बूट घालून निघाला. कोणी काही बोललं नाही. पण अर्धं मंडळ त्याच्या पायांकडे बघत होतं.

रात्री एका झेडपी शाळेच्या पटांगणात मुक्काम पडला. पिठलं-भाकरी झाली, जपमाळ झाली, आणि पोरं गोल करून बसली तशी वादाला तोंड फुटलं. एक मुलगी म्हणाली, "आजीने शब्द दिला. तू नाही पाळला तर आजी खोटी पडते." दुसरा म्हणाला, "आणि काही झालं म्हणजे?" हे 'काही झालं म्हणजे' खेड्यात फार मोठं असतं. त्याच्या धाकाने माणूस काहीही करतो. तो पोरगा एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी बोलली ती. पण मला विचारून नाय बोलली."

फादर तिथेच सतरंजीवर बसले होते. त्यांनी वाद थोडा चालू दिला. मग सांगितलं की चर्चचा कायदा याबद्दल स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मविधी संहितेतलं ११९३ वं कलम म्हणतं की नवस हा स्वभावतःच ज्याने केला त्यालाच बांधतो. दुसऱ्याला नाही. शिवाय नवस हा जाणून-समजून आणि मोकळ्या मनाने केलेला असावा लागतो. पाळण्यातल्या पोराचं मन त्यात कुठून येणार? आणि ज्याने केला त्यालाही अडचण असेल, तर धर्मगुरू योग्य कारणाने त्याला त्या खाजगी नवसातून मोकळं करू शकतो.

पोरं जरा गप्प झाली. पण कायद्याने तोंड बंद होतं, मन नाही. एका पोराने विचारलं, "मग हन्नाचं काय?"

प्रश्न चांगला होता. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाला मूल होत नाही. ती नवस करते की मुलगा झाला तर तो जन्मभर देवाचा. मुलगा होतो, दूध तुटतं, आणि ती त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकाकडे नेऊन सोडते. शमुवेलाला कोणी विचारलं होतं? त्याच बायबलात शास्त्यांच्या पुस्तकात इफ्ताह आहे. लढाई जिंकलो तर घराच्या दारातून जे पहिलं भेटायला येईल ते अर्पण करीन, असं तो बोलतो. डफ वाजवत नाचत बाहेर येते ती त्याची एकुलती एक मुलगी. बोलला बाप, फेडलं मुलीने.

आपल्या मुलखालाही हे नवं नाही. खंडोबाला पहिलं मूल वाहायचं, वाघ्या किंवा मुरळी करायचं, ही चाल जेजुरीच्या आसपासच्या कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. नवस आईबापाचा, जन्म पोरीचा. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात देवाला मुली वाहण्याविरुद्ध १९३४ साली कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

मी त्या रात्री पालात पडून विचार करत होतो. बाहेर झिमझिम चालू होती, ताडपत्रीवर तडतड वाजत होती. हन्ना आणि इफ्ताह दोघांनीही पोटचं मूल देऊ केलं. तरी एकीचं आपल्याला भलं वाटतं आणि दुसऱ्याचं वाचवत नाही. का? मला वाटतं, हन्नाने जे दिलं त्यात तिचं स्वतःचं जात होतं. मूल तिच्या मांडीवरून उठून गेलं. पुढे दर वर्षी ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून न्यायची, म्हणजे तिची ओढ संपलेली नव्हती. इफ्ताहाने तर काय देतोय हे न बघताच शब्द टाकला. पण हेही पुरं उत्तर नाही. शमुवेलाच्या बाजूने बघितलं तर त्याचं बालपण दुसऱ्याने ठरवलं, हे उरतंच.

आणि खरं सांगायचं तर आपलं सगळ्यांचंच ठरवलेलं असतं. आमच्यात मूल महिना-दोन महिन्यांचं असताना बाप्तिस्मा करतात. पाणी डोक्यावर पडलं की ते रडतं, आणि त्याच्या वतीने 'होय, विश्वास धरतो' असं आईबाप आणि धर्म-आईबाप म्हणतात. पोराला विचारून नाही. मग आजीने काय वेगळं केलं? तिनेही नातवाच्या वतीने होय म्हटलं.

फरक मला एवढाच सापडला, आणि तो थोडका नाही. बाप्तिस्म्यात दुसऱ्याने म्हटलेलं होय तिथेच संपत नाही. पोरगं जाणतं झालं की दृढीकरणाच्या वेळी त्यालाच उभं करून विचारतात. दर वर्षी पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्ती हातात धरून सगळ्यांना परत विचारतात. म्हणजे मोठ्यांनी दिलेला शब्द हा दार उघडून ठेवण्यासारखा असतो. आत यायचं की नाही ते पोराने बघायचं. आजीच्या नवसात ते विचारणं राहून गेलं होतं. नातू एकोणीस वर्षांचा झाला तरी त्याला कोणी 'चालशील का?' म्हणालं नाही. 'चालायचंय' एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. शेतकरी माळकरी होता. पोरांना त्याने गूळ-शेंगदाणे दिले. बोलता बोलता कळलं की त्याच्या वडिलांचा पाय साखरेच्या दुखण्यात गेला, तेव्हापासून त्यांची पंढरीची वारी हा चालवतो. आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, "तुमच्या बापाने तुम्हाला सांगितलं होतं का?" तो म्हणाला, "सांगतंय कोण? म्हातारा आषाढी जवळ आली की नुसता रस्त्याकडं बघत बसायचा. मला ऱ्हावलं न्हाई. मीच म्हनलं, दादा, अवंदा म्या जातो." मग तंबाखू मळत म्हणाला, "सांगितलं असतं तर कदाचित गेलोबी नसतो."

त्या संध्याकाळी फादरांनी आजीला फोन लावला. फोन मोठ्याने केला होता, म्हणून मी ऐकलं. फादर म्हणाले, "आजी, नवस तुम्ही बोलल्या, तो पोरावर नाही. आणि तुम्हालाही मी मोकळं करतो. त्याऐवजी नऊ दिवस जपमाळ करा." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आजी म्हणाली, "फादर, तुमी सोडलं, लई उपकार. पन बोलले म्या हाये. त्या व्हरांड्यात माज्यापाशी द्यायला दुसरं काय व्हतं? ना पैका, ना डाग. म्हनून त्याचं पाय दिलं. माजं आसतं तर माजंच दिलं आसतं."

या वाक्यावर मी आजही अडतो. आपलं जे नाही ते देऊ करणं चूक, हे खरं. पण ज्याच्यापाशी स्वतःचं काहीच नाही, त्याने देवापुढे काय ठेवायचं? वांद्र्याच्या मोत माउलीला लोक मेणाचे हात, मेणाचे पाय वाहतात. ती युक्ती मला शहाणपणाची वाटते. पाय देवाला मिळतो आणि माणसाचा माणसापाशी राहतो. पण त्या मेणालाही पैसे पडतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी, हरेगाव चार-पाच किलोमीटर असताना, आजी एका जीपमधून उतरली. चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागली. मला वाटलं, ही आता नातवाला लाजवणार. म्हातारं माणूस अनवाणी चालतंय आणि जवान पोरगं बुटात, याहून मोठी जबरदस्ती कोणती? मी तसं बोललोही. ती म्हणाली, "रुसून न्हाई आले, मास्तर. माजं मी फेडते. त्यानं त्याचं बघावं."

पोरगा थोडा वेळ मागे राहिला. मग पुढे येऊन त्याने तिच्या हातातल्या चपला घेतल्या, स्वतःच्या पिशवीत टाकल्या, आणि तिला रस्त्याच्या कडेच्या गवतावरून चालवत नेलं. बूट त्याने काढले नाहीत. चर्चच्या आवारापर्यंत दोघं तसेच गेले.

भरतीत त्याचं काय झालं हे मी सांगणार नाही. लागला म्हटलं तर अर्धे म्हणतील, आजी चालली म्हणून लागला. नाही लागला म्हटलं तर उरलेले म्हणतील, बूट घातले म्हणून. माउली अशी खतावणी लिहीत बसते असं मला वाटत नाही, आणि पोरांना ते शिकवायचंही नाही.

तेव्हापासून मंडळात एक रीत पडली आहे. निघायच्या आदल्या रविवारी मिस्सा झाल्यावर पोरं सभागृहात जमतात. टेम्पोत काय काय घ्यायचं त्याची यादी होते, आणि मग प्रत्येकाला विचारतात: तू कोणाचं घेऊन चाललास? कोणी म्हणतं, आईचं. कोणी म्हणतं, कोणाचंच नाही, मित्र आहेत म्हणून येतो. ते उत्तरही चालतं. पण 'आईचं' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न असतो: "आणि तुला न्यायचंय का?" त्याने मान हलवली, तरच ते ओझं त्याच्या नावावर धरतात. नाही म्हणाला, तर आईकडे फादर जातात. गेल्या साली दोन आया त्यामुळे स्वतःच चालत आल्या. आता आम्हाला टेम्पोत म्हाताऱ्यांसाठी एक सतरंजी जास्त घ्यावी लागते.