यादी

आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. सोमवारी रात्री आई चुलीपुढनं सांगायची आणि मी कंदिलाच्या उजेडात रद्दी कागदावर लिहायचो : मीठ, काडेपेटी, गोडंतेल, चहापत्ती. आण्णा ती घडी टोपीत ठेवायचे. यादीतलं एखादं कमी यायचं, जादा काही नाही. पैसेच मोजके. दिवेलागणीला बाजार उठायचा आणि त्याच्याबरोबर मनातली हावही उठायची.

गेल्या थंडीत आण्णा पुण्याला आमच्याकडं आले. त्यांना स्वेटर घ्यायचा म्हणून सगळेच मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्याला त्यांनी लांबनंच हात जोडले. बाकड्यावर टेकून इकडंतिकडं बघत म्हणाले, "आरं, हितं घड्याळ कुठाय? खिडकी बी न्हाय. दीस बुडाला का न्हाय, मानसानं वळखायचं कसं?"

मला हसू आलं. पण त्यांनी वर्मावरच बोट ठेवलं होतं. बाहेर किती वाजले याचा विसर पडावा, अशीच ती बांधणी. रोजच्या गरजेचा माल आत टोकाला. तिथवर जाताना नको ते चार दिसतं. चप्पल हजाराची वाटू नये म्हणून किंमत 999. हे सगळं मला ठाऊक. मी मास्तर माणूस, पोरांना शिकवतो. तरी ट्रॉली भरली.

घरी बिल बघितलं : 4,312 रुपये. पोराचे बूट, दोनावर एक फुकट म्हणून तीन शर्ट, काचेच्या बरण्या. स्वेटर तेवढा राहिला होता.

असा चारी बाजूंनी बंद मॉल अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1956 साली उभा राहिला. तो बांधणारा व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. चावडीवर बसतात तशी माणसं तिथं जमावीत, बोलावीत, असं त्याच्या मनात होतं. पुढं त्याचं काय झालं ते बघून त्यानंच मॉलशी नातं तोडलं. हे सांगून मी आण्णांपुढं सगळा दोष मॉलवर ढकलत होतो.

"मॉललाच कशाला बोल लावतूस?" आण्णा म्हणाले. "म्हसवडच्या जत्रंत मी काय केलं? तुझ्या फीचं पैसं खिशात, आन् घिऊन आलो तीन सेलची बॅटरी."

मी विसरलो नव्हतो. आठ दिवस वर्गाबाहेर उभा होतो.

म्हणजे हाव मॉलनं जन्माला घातलेली नाही. ती आण्णांच्यात होती, माझ्यात आहे. मग दोष भुलवणाऱ्याचा की भुलणाऱ्याचा?

"दोघांचा बी," घोंगडं अंगावर ओढून घेत ते म्हणाले. "पर जत्रा चार दिसांत उठली म्हणून मी वाचलो. तुमची ही जत्रा उठायची कवा?"

गोम इथंच आहे. माणूस मोहात पडायचाच. पूर्वी मोहालाही सांज व्हायची, आता दिवे मालवतच नाहीत. ती सांज ज्याची त्यानं करायची, आणि तेच अवघड.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. यादीत एकच शब्द. स्वेटर आणला, आणि सोबत आणखी एक पिशवी. आण्णांनी स्वेटर अंगात घातला, हातानं दाबून बघितला. पिशवीत काय आहे, ते त्यांनी विचारलं नाही.