काळा पाषाण आणि गारगोटी

आज दोन दगड घेऊन बसा. एक काळ्या खडीचा तुकडा, दुसरी शेताच्या बांधावर मिळालेली गारगोटी. आदिमानवाचे खरे हत्यार नको. त्याविषयी शेवटी बोलू.

डोळे मिटा. एकेका तळहातावर एकेक दगड ठेवा. साधारण एकाच आकाराचे असतील, तर काळा थोडा जड लागेल. बोटे फिरवा. काळ्याचा पृष्ठभाग खरबरीत, रवाळ. गारगोटी जिथे फुटली आहे तिथे गुळगुळीत, जवळजवळ मेणासारखी. नावे इतक्यात आठवू नका. नाव सुचले की बोटे थांबतात, माझे तरी तसेच होते.

आता डोळे उघडा आणि गारगोटीची पातळ कड उन्हासमोर धरा. उजेड आरपार झिरपला, कड दुधाळ किंवा मधासारखी उजळली, तर ती कॅल्सेडनी. त्यात पट्टे दिसले तर अकीक. तांबडी असून उजेड मुळीच आत घेत नसेल, तर बहुधा जास्पर. तो तांबडेपणा लोहाचा. आपण या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतो, आणि ते फारसे चुकीचेही नाही. सगळी सिलिकेचीच भावंडे.

काळ्या दगडाकडे वळा. दोऱ्याला टांगलेले छोटे, जोरकस लोहचुंबक त्याच्याजवळ न्या. ते किंचित त्याच्याकडे कलेल. हा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. त्यावर बारीक छिद्रे दिसतात का पाहा. थिजणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या उरल्या, आणि पुढे झिरपत्या पाण्याने त्यांतल्या काहींत थरावर थर सिलिका साठवली. म्हणजे तुमच्या एका हातातला दगड दुसऱ्या हातातल्या दगडाच्या पोटी वाढलेला असू शकतो. इथे जरा थांबा. श्वास सावकाश घ्या.

पोकळी जेवढी, तेवढाच अकीक. आदिमानवाची वीतभर लांबीची हातकुऱ्हाड त्यातून क्वचितच निघेल. तिच्यासाठी मोठा, घट्ट, छिद्रे नसलेला दगड हवा: चांगला बेसॉल्ट, किंवा भेगांत सावकाश थिजलेला डोलेराइट.

मनाने आता प्रवरेकाठी नेवाशाला चला. नेवासे म्हटले की आपल्याला पैसाचा खांब आठवतो, तोही दगडच. तिथे १९५४ ते १९५६ या काळात हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. नदीच्या जुन्या खडी-वाळूच्या थरांत खाली बेसॉल्ट-डोलेराइटच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या, म्हणजे रुंद धारेची हत्यारे, मिळाली. वरच्या थरात हत्यारे लहान झालेली, तासण्या आणि छिलके, आणि दगड बदललेला: चर्ट (तोही सिलिकेचाच), जास्पर, अकीक. या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांना 'नेवासियन' हे नावच पडले.

त्या थरातली एक तासणी डोळ्यांसमोर आणा. करणाऱ्याने नदीपात्रातले किती गोटे उचलून टाकून दिले असतील? एखादा ठोकून पाहिला असेल, बद्द वाजला म्हणून फेकला असेल. आतून तडा गेलेला दगड तसाच वाजतो. आपण आज ज्याला ओळखणे म्हणतो ते त्याने आधीच केले होते. फक्त त्याच्याकडे कॅल्सेडनी हा शब्द नव्हता.

आपली ओळख फसते ती रंगावर. उन्हापावसात बेसॉल्टचे हत्यार वरून तपकिरी, पिवळट, कधी राखी होते. फोडून बघायची तर सोय नाही. म्हणून नजर शोधते एखादा ताजा टवका, जिथे आतला काळा रंग उघडा पडलेला असतो. त्यानेही भागले नाही तर भूशास्त्रज्ञ दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण एका कापासाठीही हत्याराला इजा होते, त्यामुळे बहुतेकदा त्याच परिसरातला साधा दगड शेजारी ठेवून ताडून पाहणेच बरे.

पुन्हा डोळे मिटा. आता कोणता दगड कुठल्या हातात आहे, हे वजनाआधी स्पर्शानेच कळेल.

उठल्यावर गारगोटी बांधावर परत ठेवा. आणि कधी नदीकाठी खरोखरच घडवलेला दगड दिसला, तर तो उचलू नका. जागेचा फोटो घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. हत्यार मूळ थरातून निघाले, की ते कोणत्या काळचे हे सांगणे फार अवघड होते.