हायपरवायझर बदलण्याआधी

चि. सोनू,

कर्नल अपडेट झाल्यापासून तुझ्या व्हर्च्युअलबॉक्समधली एकही व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सुरू होत नाही, आणि मैत्रीण म्हणते, ‘तो काढून टाक, केव्हीएम घे.’ मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही, पण बिघाड कशात आहे हे कळण्याआधी हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं अवजार, बदलू नये. नाहीतर बऱ्याचदा जुना बिघाड तसाच राहतो आणि वर नवं अवजार शिकायचं ओझं येतं.

तुझ्या बाबतीत निदान सोपं आहे. तू पाठवलेल्या एररच्या फोटोत ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असे शब्द दिसतात. व्हीएम वेगाने चालाव्यात म्हणून इंटेलने २००५ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हीटी-एक्स ही सोय दिली; फोटोतला ‘व्हीएमएक्स’ हा शब्द तिचाच. पुढच्या वर्षी एएमडीनेही आपली आणली. ही सोय एका वेळी एकाच हायपरवायझरच्या ताब्यात असते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पूर्वी केव्हीएम पहिली व्हीएम सुरू होईपर्यंत तिला हात लावत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून मात्र केव्हीएमचं मोड्यूल लोड झालं की ते लगेच ताबा घेतं. तुझा व्हर्च्युअलबॉक्स नंतर येतो आणि त्याला दार बंद दिसतं. केव्हीएम वापरायचंच नसेल तर त्याचं मोड्यूल उतरव, किंवा बूट होताना हा ताबा घेऊ नकोस असं कर्नलला सांगणारा पर्याय दे. व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकून काही साधणार नव्हतं, कारण त्याच्यात काही बिघडलंच नव्हतं.

आता पद्धत सांगतो. व्हीएमच्या बाबतीत चार थर असतात: प्रोसेसर आणि बायोस, कर्नल, होस्टवर (तुझ्या मूळ मशीनवर) चालणारा हायपरवायझरचा प्रोग्राम आणि गेस्ट, म्हणजे व्हीएमच्या आतली सिस्टिम. खालून वर तपासत जायचं.

प्रोसेसरच्या माहितीत इंटेल असेल तर ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडी असेल तर ‘एसव्हीएम’ हा शब्द शोध. तो नसेल तर पुढे जाऊ नकोस, आधी बायोस बघ. पुष्कळ लॅपटॉपवर ही सोय तिथे बंद ठेवलेली असते, आणि मग नव्या कर्नलवर तो शब्दही दिसत नाही. तसं असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये बहुधा लिहिलेलं असतं, की बायोसने अडवलं आहे.

कर्नलच्या थरात मोड्यूल लोड झालं आहे का, आणि ‘डेव्ह’ फोल्डरमधली ‘केव्हीएम’ ही फाइल उघडण्याची परवानगी तुझ्या खात्याला आहे का, ते बघ. इथला बिघाड फसवा असतो. केव्हीएम हाती लागलं नाही तर त्याच्या जोडीने व्हीएम चालवणारा क्यूएमू हा प्रोग्राम प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत व्हीएम चालवू शकतो. एरर येत नाही, विंडोज उघडतंही, पण इतकं रखडत की माणूस रॅम वाढवत बसतो. गेस्ट कारण नसताना संथ वाटला तर रॅमकडे नंतर बघ. आधी तो खरंच केव्हीएमवर चालतोय का, ते तपास.

तिसऱ्या थरात सगळ्यात जास्त त्रास डिस्कचा. क्यूकाऊ-टू प्रकारच्या फाइलला तू ४० जीबी दिलेस तरी ती सुरुवातीला अगदी लहान असते आणि वापराबरोबर फुगत जाते. अशा तीन फाइली एका अपुऱ्या डिस्कवर ठेवल्या की एके दिवशी होस्टची जागा संपते आणि चालती व्हीएम ‘पॉज्ड’ होऊन थांबते. गेस्टला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून होस्टची मोकळी जागा आणि या व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या लॉगमधली त्या व्हीएमची फाइल बघ.

चौथा थर गेस्टचा. विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर ती बहुधा व्हर्टिओ प्रकारची असते आणि विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हरची आयएसओ जोडली की डिस्क दिसते. आणि गेस्टमधून इंटरनेट चालतं, पण शेजारच्या लॅपटॉपवरून गेस्ट सापडत नाही, ही तक्रार तर बिघाडच नाही. लिबव्हर्टचं नेहमीचं नेटवर्क नॅटवर चालतं, म्हणजे गेस्ट होस्टच्या आड राहतो. बाहेरून आत यायचं असेल तर ब्रिज करावा लागतो.

आता निवड. होस्ट लिनक्स असेल तर माझा कौल केव्हीएमला. क्युमरानेट या इस्रायली कंपनीत अवी किविटी यांनी ते लिहिलं आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलपासून ते कर्नलचाच भाग आहे. पुढच्या वर्षी रेड हॅटने ती कंपनी घेतली. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर यांची मोड्यूल्स बाहेरून येऊन तुझ्या कर्नलसाठी वेगळी बांधली जातात. म्हणून कर्नल बदलला की ती अडखळू शकतात, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यांवर सहीही करावी लागते. केव्हीएम कर्नलबरोबरच येतं, त्यामुळे दुसऱ्या थरातला हा एक कज्जा मुळातच मिटतो.

पण कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर तीच व्हीएम उघडायची असेल तर व्हर्च्युअलबॉक्स ठेव. दोन्हीकडे सारखा चालणं हाच त्याचा मोठा गुण. व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, पण फुकट आहे एवढ्याच कारणाने घेऊ नकोस. झेन अभ्यासासाठी जरूर वाच. केंब्रिजमधून निघालेला हा हायपरवायझर लिनक्सच्याही खाली बसतो, आणि क्यूब्ज ओएस सुरक्षेसाठी त्याच्यावरच उभी आहे. रोजच्या लॅपटॉपला मात्र तो जड जाईल. तीन-चार हायपरवायझर वरवर हाताळण्यापेक्षा एक असा निवड, ज्याचा लॉग कुठे पडतो आणि कुठली ओळ कुठल्या थराची, हे कुणाला न विचारता तुला सांगता येईल.

पुढच्या वेळी अडलीस तर फोटो नको, लॉगचा मजकूर पाठव, आणि तोही पहिल्या एररपासून. शेवटची ओळ बहुतेक वेळा फक्त परिणाम सांगते. सोबत कर्नलची आवृत्ती आणि आदल्या दिवशी काय बदललं ते लिही. बरेचदा या तीन गोष्टी कागदावर मांडतानाच उत्तर सापडतं, आणि मग मला विचारायची गरज उरत नाही.



तुझा,
मामा