उत्तर न देण्यातली माया

(बाळंतपणाला किनवटला माहेरी आलेली भाची आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात परिचारिका म्हणून काम केलेली मावशी यांच्यातला हा संवाद कल्पित आहे. त्यातला पेच मात्र मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, अनेक रुग्णांच्या घरात खराच उभा राहतो.)

भाची : मावशी, एकदाच सांग. माझ्या हातून बाळाला काही होणार नाही ना?

मावशी : सकाळपासून हेच विचारतेस. दर वेळी मी म्हणाले, 'नाही गं माय, काही होत नाही.' मग तुला बरं किती वेळ वाटलं?

भाची : विळी दिसेपर्यंत. ती दिसली की ते चित्र पुन्हा डोळ्यांपुढं येतं. विळी माळ्यावर टाकायला लावली. पैनगंगेच्या पुलाचं नाव काढलं तरी पाय लटपटतात, बाळाला आपणच खाली टाकू असं वाटतं. आता न्हाऊ घालायलाही मी हात लावत नाही. कामून येतात असले विचार? कोण्या आईच्या मनात असं येतं?

मावशी : पुष्कळजणींच्या. कॅनडात पहिलटकरणींना हेच विचारलं होतं, 2008 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाला चुकून काही होईल ही धास्ती सगळ्यांनाच होती. आपणच मुद्दाम इजा करू, असा विचार डोकावून गेलेल्या जवळपास निम्म्या होत्या. त्याच्याही आधी, 1978 मध्ये, स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्व्हा यांनी दाखवून दिलं की मंत्रचळाच्या रुग्णाला छळणारे विचार आणि धडधाकट माणसाच्या मनात येऊन जाणारे विचार यांचा विषय सारखाच असतो.

भाची : मग त्यांचं माझ्यासारखं का होत नाही?

मावशी : त्या दचकतात आणि पुन्हा कामाला लागतात. तू त्या विचाराची चौकशी लावतेस. हा आला कसा, आला म्हणजे मी कशी बाई आहे, आता अनर्थ टाळायला मी काय करू? मनात आलं म्हणजे जबाबदारी आली, असं वाटू लागलं की आजाराला बळ मिळतं. पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं.

भाची : पण विचार माझ्याच मनात आला ना? मग तो माझा नाही, असं कसं म्हणू? माहूरच्या रेणुकामातेची गोष्ट तूच सांगितली होतीस. पाण्याला गेली, राजाला जलक्रीडा करताना बघून क्षणभर मन हललं. तेवढ्यावरून तिच्या नवऱ्यानं, जमदग्नींनी, मुलाला म्हणजे परशुरामाला तिला मारायला सांगितलं. मनात येणं हाच गुन्हा ठरला की.

मावशी : जमदग्नींच्या लेखी ठरला. पण महाभारतातली तीच गोष्ट पुढं वाच. आज्ञा पाळल्यावर परशुरामानं बापाकडे वर काय मागितला? आई उठावी, तिला त्या वधाची आठवण राहू नये आणि तिला पाप चिकटू नये. आणि आपल्या लोकांनी काय केलं? साडेतीन पीठांतलं एक म्हणून माहूरगडावर पुजली ती रेणुकाच. माझ्या मते जमदग्नींचा निवाडा आपल्या लोकांनी कधी मान्य केलाच नाही.

भाची : तिच्या मनात मोह होता, मावशी. माझ्या मनात रक्त आहे.

मावशी : मोह निदान हवासा वाटतो. तुझा विचार तुला नकोसा आहे, त्याच्या भीतीनं तू विळी लपवलीस. तुझं वागणं कोणत्या बाजूला उभं आहे, ते यातच दिसतं.

भाची : बघ, तुला माहीत आहे की मी करणार नाही. मग तोंडानं सांगायला काय जातं?

मावशी : इथंच माझा पेच आहे. गजकर्ण खाजवलं की घटकाभर बरं वाटतं आणि ते पसरत जातं. मी दिलेल्या धीराचंही तेच होतं. शंका आली की उत्तर मिळतं, एवढंच तुझं मन शिकतं आणि पुढची शंका लवकर पाठवतं. बोलले तर मी आजाराला खाऊ घालते. गप्प बसले तर माझं लेकरू रडताना बघत राहते.

भाची : रडणाऱ्याला धीर न देणं ही माया कुठली? ज्याला सोसायचं नसतं त्याला हे शहाणपण सोपं असतं.

मावशी : खरं आहे. म्हणूनच तुझ्या संमतीशिवाय मी हे करणार नाही. उपचारही रुग्णाशी ठरवूनच करतात. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी त्याची वाट दाखवली. भीती वाटते त्या गोष्टीजवळ जायचं, आणि भीती घालवायला एरवी जे करतो ते करायचं नाही. पायरी पायरीनं. आधी विळी माळ्यावरून खाली येईल. मग बाळ घरात असताना तू भाजी चिरशील. विचार येईल, छाती धडधडेल, आणि काहीही न करता ती धडधड ओसरते हे तुला स्वतःला कळेल. हे माझ्या तोंडून ऐकून कळत नाही.

भाची : विचार आला की मी अकरा वेळा देवीचं नाव घेते. मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. तेही सोडू?

मावशी : देवीसाठी घेतेस ते घे. विचार पुसायला घेतेस ते सोड. वाईट विचाराला उलट विचारानं उत्तर द्यावं, असं योगसूत्रांतही सांगितलं आहे, आणि एरवी त्याचा उपयोग होतो. मंत्रचळात मात्र त्याचीच बेडी होते. चुकलं तर पहिल्यापासून, ही सक्ती देवीची नाही, आजाराची आहे.

भाची : आणि तुझाच अंदाज चुकला तर? एखाद्या बाईच्या हातून खरंच घडतं, असंही ऐकलंय.

मावशी : बाळंतपणानंतर होणारा तो वेगळा आजार. त्यात बाईला आवाज ऐकू येतात, बाळात काही वाईट शिरलंय असं पक्कं वाटतं, आणि त्या विचारांची तिला तुझ्यासारखी भीती वाटेलच असं नाही. तसं दिसलं तर बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. हा फरक डॉक्टरांनी ठरवायचा. म्हणून तुझी नीट तपासणी व्हायला हवी. ती तपासणी मला रोज दहादा विचारून होत नाही.

भाची : म्हणजे शंभर टक्के खात्री तू देणार नाहीस.

मावशी : ती मला माझ्याबद्दलही नाही, माय. उद्या आपण काय करू याचा दाखला कोणाकडेच नसतो. बाकीच्या आया त्या दाखल्याविनाच लेकराला उचलतात. तुझ्या आजारानं तो दाखला मागितलाय, आणि जगात कोणी तो देऊ शकत नाही.

भाची : मग मी तरी काय धरून बसू?

मावशी : काम धर. बाळाला भूक लागली तर पाज, रडलं तर उचल, विचार सोबत असला तरी. आपण नंदीग्राम एक्स्प्रेसनं नांदेडला जाऊ, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवू. औषधाला वेळ लागतो, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. अंगावर पाजत असताना चालणारं कोणतं, ते डॉक्टर बघतील. तोवर रात्री फारच घाबरलीस तर टेलि-मानसचा 14416 क्रमांक आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो. तिथं बोलायचं ते पुढं काय करायचं यावर, खात्री मागायला नाही.

भाची : मी तुला पुन्हा विचारणार, मावशी. मला ठाऊक आहे. तेव्हा काय म्हणशील?

मावशी : म्हणेन, हा प्रश्न आजार विचारतोय आणि त्याला मी उत्तर देणार नाही. पण तुझ्याजवळून उठणारही नाही. उत्तर आणि सोबत या दोन गोष्टी आपण आजवर एकच समजत होतो. त्यातली सोबत तुझी हक्काची आहे.

भाची : आई ऐकायची नाही. तू गप्प बसलीस तर ती स्वयंपाकघरात हळूच सांगेल, 'काही होत नाही बाळा.'

मावशी : सांगेलच. म्हणून हे तिला आपण दोघींनी मिळून, आजच सांगायचं. पहिले काही दिवस सगळ्यात जड तिलाच जाणार आहेत.