नाव कोणाचे?

नाव ही मोठी चमत्कारिक मिळकत आहे. मालकी एकाची, पण वहिवाट इतरांची. मग ते कसे लिहावे व कसे उच्चारावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? मालकाचा, वाचणाऱ्याचा, की दप्तरात नोंद करणाऱ्या सरकारचा?

जपानात हा प्रश्न रोजचा आहे. तेथील नावे बहुधा मूळ चिनी असलेल्या कांजी अक्षरांत लिहितात आणि एकेका अक्षराचे अनेक उच्चार होतात. एकाच रीतीने लिहिलेले स्त्रीचे नाव एका घरी ‘युको’, तर दुसऱ्या घरी ‘हिरोको’ असू शकते. उलट, ‘युको’ एवढे कानी पडले म्हणजे ते लिहिता येतेच असे नाही. कारण आईबापांनी अर्थ पाहून कोणती अक्षरे निवडली, हे ध्वनीवरून कळत नाही. म्हणून सुशिक्षित मनुष्यही अपरिचिताला ‘आपले नाव कसे वाचावे?’ असे निःसंकोच विचारतो. त्यात अज्ञान नाही, अदब आहे.

आपली लिपी उच्चारानुसारी असल्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो बव्हंशी रास्तही आहे. परंतु ‘चव्हाण’ आणि ‘चितळे’ यांतील च आपण एकच लिहितो, उच्चारतो मात्र निराळा. ‘जाधव’ आणि ‘जयवंत’ यांतील ज ची तीच गोष्ट. हा भेद मराठी कानात आहे, अक्षरात नाही. म्हणूनच बडोद्यात, आमच्या तरसालीसारख्या उपनगरात, दारावरच्या पाटीवर ‘जाधव’ गुजराती अक्षरांत लिहिले की गुजराती शेजारी त्यातील ज ‘जयवंत’मधल्यासारखा उच्चारतो. पाटी अचूक, वाचनही प्रामाणिक. तरी नाव थोडे परके होते. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीत ‘प्रभू’ हे दप्तरी ‘पोरोबो’ आणि ‘कामत’ हे ‘कामोतीं’ झाले. पुढे १९९० साली गोव्यात नाव व आडनाव बदलण्याविषयी स्वतंत्र कायदा झाला.

कायद्याला स्थिर नोंद हवी असते, हे खरेच. सातबारा एका नावाने आणि मृत्युपत्र दुसऱ्या नावाने असेल, तर वारसाला किती हेलपाटे पडतात, हे वकिलाला सांगावयास नको. तथापि कायद्याची अंतिम दृष्टी अक्षरावर नसून माणसावर असते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ७६ मधील एक उदाहरण असे : मृत्युपत्रात ‘माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा टॉमस’ असे लिहिले आहे, जॉनला टॉमस नावाचा मुलगाच नाही, दुसऱ्या मुलाचे नाव विल्यम आहे. देणगी विल्यमलाच मिळते. नाव चुकले, तरी माणूस चुकलेला नाही.

जपानने अलीकडे केलेली व्यवस्था याच दृष्टीने मननीय आहे. तेथील कुटुंबनोंदवहीत नावाची अक्षरे होती, उच्चार नव्हता. २०२३ साली दुरुस्त झालेला कायदा २६ मे २०२५ पासून अमलात आला आणि उच्चारही नोंदविणे आवश्यक ठरले. सरकारने आपल्या समजुतीप्रमाणे उच्चार लिहून प्रथम नागरिकांस कळविला आणि तो चुकीचा असल्यास सांगण्यास एक वर्षाची मुदत दिली. उच्चार सर्वसाधारणपणे मान्य होणारा असावा, एवढी मर्यादा मात्र घातली. म्हणजे मालकाचा हक्क निरंकुश नाही. पण त्याला विचारल्यावाचून निकालही नाही.

प्रश्न लिपीचा कमी आणि माणुसकीचा अधिक आहे तो येथेच. साहेबांच्या आडनावातील ऱ्हस्वदीर्घ दोनदा विचारून घेणारा कारकून मजुराचे नाव त्याला न विचारताच लिहून मोकळा होतो. पुढे नातवाला शाळेत, बँकेत, कचेरीत तीच चूक निस्तरावी लागते. कोणतीही लिपी नाव पुरतेपणी सांगू शकत नाही. उरलेले ज्याचे त्यालाच विचारावे लागते. ते आपण कोणाला विचारतो आणि कोणाला विचारीत नाही, यावरून आपल्या लेखी माणूस कोण, हे कळून येते.