गती, किरणोत्सर्ग आणि मयूरेश्वराचा शेंदूर

कऱ्हेकाठच्या मोरगावी परंपरा अशी सांगते की, मयूरेश्वराची मूळ मूर्ती वाळू, लोह आणि हिरे यांच्या परमाणूंची असून आज पूजल्या जाणाऱ्या मूर्तीमागे ती झाकलेली आहे. ही श्रद्धेची कथा आहे, तिची परीक्षा प्रयोगशाळेत करायची नसते. परंतु ‘परमाणू’ हा कणादांच्या वैशेषिक दर्शनाचा कळीचा शब्द असल्यामुळे त्या दर्शनाचा मुख्य प्रश्नही तिच्यासोबत गाभाऱ्यापर्यंत येतो : कारणाशिवाय काही घडते काय?

वैशेषिकांनी गतीला ‘कर्म’ म्हटले. धनुष्यापासून सुटलेला बाण पुढे का जातो, याचे उत्तर त्यांनी ‘वेग’ या संस्काराने, म्हणजे पहिल्या गतीतून वस्तूत उपजणाऱ्या आणि पुढच्या गतीला कारण होणाऱ्या गुणाने दिले. हा वेग संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. न्यूटनने 1687 साली प्रश्नच बदलला. बाहेरून बल लागले नाही तर वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने जात राहते, कारण हवे ते गती बदलण्यास. चिंचवडहून मोरगावी येणारी मंगलमूर्तींची पालखी खांद्यावर असताना भोई एकाएकी थांबले, तर दांड्याचे गोंडे पुढे झेपावतात. न्यूटनच्या दृष्टीने ते पुढे का गेले हे विचारायचे नसून मागे कशाने ओढले गेले हे विचारायचे असते. म्हणून कणादांनी न्यूटनचे नियम आधीच सांगितले होते, हा अलीकडे वारंवार होणारा दावा दोघांवरही अन्याय करतो, कारण त्यात कणादांचा स्वतंत्र विचार हरवतो आणि न्यूटनने प्रश्नच बदलला हेही.

किरणोत्सर्गाने, म्हणजे अस्थिर अणुकेंद्रातून आपोआप कण व ऊर्जा बाहेर पडण्याने, हा प्रश्न अधिक बिकट केला. बेक्वेरेलला तो 1896 साली युरेनियमच्या क्षारांत आढळला. असंख्य अणूंपैकी निम्मे किती काळात क्षय पावतील हे नेमके सांगता येते; परंतु अमुक अणू याच क्षणी का फुटला, याचे कारण पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) देत नाही. वैशेषिक अशा ठिकाणी ‘अदृष्ट’ म्हणत, पण अदृष्ट म्हणजे जीवांच्या पापपुण्याचे अदृश्य फळ; अणूच्या संभाव्यतेत असा नैतिक हिशेब कुठेच नाही.

कारणाच्या या रिकाम्या जागी ईश्वराला बसवण्याचा मोह भाविकाने टाळावा, कारण उद्या कारण सापडले तर ईश्वराला तेथून उठावे लागेल. अथर्वशीर्षात गणपती कर्ता आहे तसाच धर्ताही आहे, आणि जो धारण करतो त्याला विज्ञानाने मोकळ्या सोडलेल्या फटीची गरज पडत नाही. वैशेषिकांचा परमाणू मात्र नित्य होता, आणि किरणोत्सर्गापुढे तो नित्यपणा टिकला नाही. त्याची खूण शेंदरातही आहे. देवाला चढणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे तांबडे ऑक्साइड असते. पृथ्वीवरील शिशाचा काही अंश युरेनियमच्या क्षयातून आला असून युरेनियम-238 निम्मे होण्यास सुमारे 447 कोटी वर्षे लागतात.